भिवरा लोहारणीचा घण

धामणटाकळीच्या माळावर बाभळींखेरीज झाड नव्हतं आणि पंचक्रोशीत लोहाराची भट्टी एकच होती, त्या काळातली ही गोष्ट. भट्टी लिंबाजी लोहाराची. लिंबाजी सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि घण मारायची त्याची बायको, भिवरा. एवढा जड घण ती असा उचलायची, की बघणाऱ्याला वाटावं, बाई सूप पाखडतेय. तिचा घाव कधी चुकला नाही, असं म्हणतात.

त्यांना एकच लेक, ठकू. भाता ओढायचं काम तिचं. सोळावं सरलं त्या साली एक दिवस तिचा हात भात्यावरच थांबला. बापानं हाक मारली, आईनं मारली. ठकू नुसती भिंतीकडं बघत बसलेली. त्या दिवसापासून ती जेवेना, न्हाईना. कुणालाच न दिसणाऱ्या माणसाशी बोलायची, मधेच कान दाबून किंचाळायची. दोनदा तिला विहिरीच्या काठावरून ओढून आणलं.

भिवराला मग झोप अशी राहिलीच नाही. पोरीच्या लुगड्याचं टोक मुठीत धरून ती पडायची, टोक हललं की उठून बसायची. पण जागरणापेक्षा वाईट होते ते प्रश्न. पाणवठ्यावर बाया विचारायच्या, "कशानं झालं गं? पोटुशी असताना ग्रहणात घण मारलास का? कुणाचं काही ओलांडलंस का?" आधी भिवरा उत्तरं द्यायची. मग तीच आठवत बसायला लागली, आपलं काय चुकलं, कुणाचा तळतळाट लागला. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. लिंबाजी पाराकडं जाईना. नवराबायकोत बोलणं उरलं ते दोनच: "जेवली का?" आणि "कुठं गेली?"

माळावर खांबदेवाचं ठाणं होतं. पुरुषभर उंचीचा दगडी खांब. डोकं फिरलेल्या माणसाला चाळीस दिवस त्या खांबाला साखळीनं बांधलं की बाधा उतरते, असं देवऋषी सांगायचा. नाहीच उतरली तर आणखी चाळीस. त्या साली तिथं सात माणसं बांधलेली होती.

खांबदेवाच्या जत्रेच्या दिवशी सकाळी पाटील आणि देवऋषी भट्टीवर आले. पाटील म्हणाला, "लिंबाजी, आठवी साखळी घडव आणि पोरीला आणून बांध. सगळ्या गावावर कोप नको."

लिंबाजी खाली मान घालून "व्हय" म्हणाला. ते गेल्यावर त्यानं लोखंड तापवून ऐरणीवर धरलं. भिवरा घणाला हात लावेना.

"मार," तो म्हणाला.

"न्हाई."

"भिवरे, मी दमलोय गं. मला आता न्हाई होत. देव तरी सांभाळंल तिला."

"मीबी दमले," भिवरा म्हणाली. "परवा विहिरीवर तिचा हात धरला हुता न्हवं, तवा मनात आलं, सुटला तर सुटू दे. आईच्या मनात आलं हे! इतकी दमले मी. पर दमलो तर निजायचं. लेकीला बांधायचं न्हाई."

लिंबाजी रडायला लागला. ऐरणीवरचं लोखंड गार पडलं. आणि तेव्हा भिवराला दिसलं, की माळावरच्या सातही साखळ्या आपल्याच घणाखालून गेल्यात. कुणासाठी, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

तिनं घण खांद्यावर टाकला आणि ती भर दुपारी जत्रेतून चालत निघाली. कुणी आडवं आलं नाही, असं म्हणतात.

खांबापाशी सगळ्यात जवळ एक तरणा गडी बांधलेला होता. त्याची आई, काशाबाई, दोन वर्षं तिथंच गोणपाटाच्या सावलीत बसून होती. भिवरानं त्याची साखळी दगडावर ओढून घेतली आणि पहिला घाव घातला. उन्हात ठिणग्या दिसत नाहीत, पण त्या दिवशी सात गावांतून दिसल्या. वाटेवरच्या गाड्यांचे बैल जागीच थांबले, बायांच्या हातातली जाती थांबली. सात घावांत सात साखळ्या तुटल्या. आठवा घाव तिनं खांबावर घातला आणि खांब मधोमध उकलला, असं म्हणतात.

"कोप होईल तुझ्यावर!" देवऋषी ओरडला.

"होऊ दे. देवाला मला काय इचारायचं आसंल तर भट्टीवर यावं म्हणावं. मी रोज आसते."

काशाबाईनं लेकाला कवटाळलं. "बाई, आता ह्याला कुठं नेऊ? मला एकटीला आवरत न्हाई."

"माझ्या अंगणात चल," भिवरा म्हणाली. "आवरायला दोघी हुऊ."

गावानं लोहाराचं पाणी तोडलं, काम तोडलं. पाटलानं परगावचा लोहार आणला आणि नवी साखळी घडवायला लावली. त्यानं कडी जोडावी आणि गार होताच ती आपोआप उघडावी, असं नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी तो लोहार पळून गेला, असं म्हणतात.

मग पेरणी तोंडावर आली आणि घरोघरचे फाळ बोथट. सगळ्यांच्या आधी पाटीलच आला. भिवरानं फाळ हातात घेतला. "धार लावून देते. पर तवर ह्या पोरापाशी बसायचं. ह्याच्या आईला जरा निंबाखाली पडू द्या."

"मी? पाटील बसू?"

"फाळ तुमचाच हाय न्हवं?"

पाटील बसला. काशाबाईच्या लेकानं त्याचं पागोटं उतरवून स्वतःच्या डोक्यावर ठेवलं, तरी पाटील उठला नाही. आणि काशाबाई अशी झोपली, की बाया दोनदा जवळ जाऊन तिचा श्वास बघून आल्या. दुसऱ्या दिवशी फाळ घेऊन अर्धं गाव दारात उभं होतं. त्या पावसाळ्यात लिंबाजीही झोपला. वर्षभरानं त्याचं हसू पारापर्यंत ऐकू गेलं.

ठकू बरी झाली का? कुणी म्हणतं, झाली. जुनी माणसं सांगतात, काही दिवस ती भाता ओढायची आणि काही दिवस भिंतीकडं बघायची. भिवरा दोन्ही दिवशी तिच्या पानात सारखंच वाढायची.

भिवरा गेल्याला किती पिढ्या झाल्या, कुणाला सांगता येत नाही. पण अजून दर माघात धामणटाकळीत भिवराईचा दिवस होतो. नारळ नाही, नवस नाही. लांबलांबच्या गावांहून आईबाप आपल्या अशा लेकरांना घेऊन येतात. सकाळपासून गावातलं एकेक माणूस एकेका लेकराजवळ बसतं आणि आईबाप निंबाखाली अंथरुणावर आडवे होतात. कशानं झालं, हे विचारायची त्या दिवशी गावात बंदी आहे. एका साली एक बाप असा झोपला, की दिवस मावळला तरी उठेना. त्याच्या मुलाजवळची माणसं तीनदा बदलली, पण बापाला कुणी हलवलं नाही.

येणारेजाणारे हसतात. म्हणतात, "एवढ्या लांबून काय झोपायला आलात?"

गाव म्हणतं, "व्हय. हळू बोला."