एकलाईच्या शेजारचं पान

लेकीचं पहिलं बाळंतपण अडलं होतं, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून मी एकलाईला बोलले होते, "आई, माझी पोर नि तिचं बाळ सुखरूप ठेव. अकरा मंगळवार तुझ्या शेजारी पान मांडीन." तो नवस फेडून बारा वर्षं झाली, तरी मी हा डोंगर चढतेच आहे. तुम्ही पहिल्यांदा आलात, म्हणून विचारता की देवीपुढे दोन पानं कशी. दुसरीकडे नैवेद्य दाखवला की बाई घरी जाते. इथे देवीच्या पानाला लागून आपलं पान मांडायचं, तिच्याबरोबर जेवायचं आणि जेवता जेवता घरचं सांगायचं. असं का, ते माझ्या सासूबाईंकडून ऐकलं तसं सांगते.

फार पूर्वी म्हणे आंबेघळ गाव या माथ्यावरच होतं, आणि ही शेंदराची शिळा गावाच्या मधोमध. एका वर्षी इथला झरा आटला, तो परत आलाच नाही. गावानं खाली नदीकाठी जायचं ठरवलं. देवीला न्यायचं की कसं, म्हणून कौल लावला. शिळेवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाटलांनी विचारलं, "आई, खाली येतेस का?" डावी पडली. लोकांनी हात जोडले, सामान बांधलं आणि उतरले. वर्षातून एकदा, चैत्राच्या पुनवेला, वर यायचं ठरलं.

मागे राहिली ठकू गुरवीण. पूजा तिच्या घराची. नवरा आधीच गेलेला. लेक द्वारका गावातच दिलेली, तीही आपल्या माणसांबरोबर उतरली. ओस घरांतून वारा फिरायचा. कुठलं दार वाजलं की ठकू चुलीपासून ओ द्यायची, असं सांगतात. मग आठवायचं, की हाक मारणारं कुणी उरलंच नाही.

एके दिवशी तिनं आपलं पान उचललं आणि देवीच्या पानाशेजारी ठेवलं. "तू एकटी, मी एकटी. दोघींनी वेगळं कशाला जेवायचं?" तेव्हापासून रोजचं सगळं ती देवीला सांगू लागली. भाजीत मीठ जास्त झालं, कोंबडी खुडूक बसली, गुडघा दुखतो.

द्वारका पंधरा दिवसांनी यायची. "आये, चल खाली. लोक हसतात, गुरवीण दगडाशी बोलते म्हणतात."

"दगड बसून ऐकतो तरी. तू आल्यापासून उभीच आहेस."

त्या श्रावणात ओढ्याला असा पूर आला, की वीस दिवस वाट बंद. पाणी ओसरलं तशी द्वारका दोन बायांना घेऊन धावत चढली. आई जिवंत सापडेल, अशी आशा तिनं सोडलीच होती. पाहते तर ठकू भिंतीला टेकून बसलेली, तापानं पार वाळलेली. पण चूल पेटलेली होती आणि पानात गरम भाकरी होती.

"कुणी केली गं?"

ठकूनं शिळेकडे बोट दाखवलं. शेंदरावर दोन्ही अंगांना नाचणीचं पीठ लागलं होतं. "जाड थापते," ठकू म्हणाली, "सवय नाही बिचारीला."

गाव वर लोटलं. पाटील देवीच्या पायाशी वाकले, तेव्हा ठकू एवढंच बोलली, "तुम्ही विचारलंत, खाली येतेस का. इथे एकटी राहशील का, ते कुणी विचारलं?"

पुन्हा कौल लावला आणि तेच विचारलं. पाकळीवरचं बोट निघतं न निघतं, तोच डावी पडली. सगळं गाव मान खाली घालून उभं राहिलं. मग ठरलं, दर मंगळवारी एका घरची बाई वर येईल आणि देवीजवळ जेवेल. पहिलं पान द्वारकेनं मांडलं आणि त्या दिवशी ती खाली बसली.

सगळे गेल्यावर ठकूनं आपल्यासाठी कौल लावला, "आता तुला सोबत झाली. मी लेकीकडे जाऊ का?" संध्याकाळ झाली तरी दोन्ही पाकळ्या चिकटलेल्याच. ठकू म्हणाली, "हिला जा म्हणवत नाही, आणि राहा म्हणायची भीड पडते." ती राहिली, अखेरपर्यंत.

आजही मंगळवार चुकलेला नाही. पण पाळीतली घरं आता कमी झालीत. सुना-लेकी शहरात, म्हाताऱ्यांना चढ झेपत नाही. गेले दोन मंगळवार पाळीचं कुणी आलं नाही, इथे मी एकटीच होते. तरी मला वाटतं, कुणी ना कुणी येईल. आज तुम्ही आलातच की.

म्हणून म्हणते, तुम्हीही हिला एक मंगळवार बोला. मोठं काही मागायचं असलंच पाहिजे असं नाही. भाकरी आणि हाताशी असेल ती भाजी आणा. घरात जे कुणाला सांगता आलं नाही, ते सावकाश सांगा. आणि तिचं जेवण होईस्तोवर उठू नका.