पांढऱ्या अंगाचा मान

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावाचा धंदा एकच: पांढरा दगड फोडायचा, दळायचा आणि त्याची रांगोळी करून दहा गावांच्या अंगणांत पोचवायची. आपली रांगोळी बोटांतून कशी सुळसुळ सुटते, याचा गावाला भारी अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

गावाची एक रीत होती. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं अंग न झटकताच पारावर येत. ज्याचं अंग सगळ्यांत पांढरं, त्याने सगळ्यांत जास्त काम केलं असं धरून त्याला पहिली जागा मिळे. गिरणीचा मुकादम वीस वर्षं त्या जागेवर बसत होता. मिशा, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. बसला की तो खोकायचा आणि लोक कौतुकाने म्हणायचे, "धंद्याचा खोकला आहे." गावातली झाडंही तेवढीच पांढरी झाली होती, पण त्यांना कोणी बसायला जागा देत नव्हतं.

पुढे गिरणीच्या मालकीणबाईंनी आपोआप चालणारं यंत्र आणलं. एका तोंडातून दगड आत, दुसऱ्यातून रांगोळी बाहेर. दळण बंद पेटीत होई, उडणारी भुकटी नळीतून ओढली जाऊन पिशवीत साठे आणि पेटीचं झाकण उघडलं तर यंत्र स्वतःहून थांबे. बाईंनी कोणालाही घरी बसवलं नाही. दळणारे हात रंग कालवायला आणि पुडे भरायला लागले. मुकादमाकडे यंत्राची देखरेख आली. आता धूळ नाही म्हणून त्याने आपल्या लेकीलाही पुडे भरायच्या कामावर आणलं.

पहिल्या संध्याकाळी मुकादम स्वच्छ कपड्यांनी पारावर गेला.

"काय मुकादम, आज सुट्टी होती वाटतं?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

सगळे हसले. पहिल्या जागेवर खाणीतला एक गडी बसला होता. मुकादमाच्या ते फार जिव्हारी लागलं.

झाकण लागलं आहे हे यंत्राला एका खटक्यावरून कळायचं. दुसऱ्या दिवशी मुकादमाने तो खटका सुतळीने दाबून बांधला, झाकण सताड उघडलं आणि समोर उभा राहिला. यंत्र बिचारं फसलं. संध्याकाळी तो पांढराफटक होऊन पारावर गेला आणि त्याला त्याची जागा मिळाली. मग रोज तेच.

दोन महिने गेले. एका दुपारी त्याला खोकला ऐकू आला. कोरडा, खोलवरून येणारा, थांबता थांबेना असा. तो थेट त्याच्याच खोकल्यासारखा होता. यंत्राशेजारीच, पुड्यांच्या फळीपाशी त्याची लेक वाकून खोकत होती.

"कधीपासून गं हे?"

"आठ दिवस झाले, बाबा." तिने डोळे पुसले आणि हसली. "धंद्याचा खोकला आहे. आता शोभते ना तुमची लेक?"

मुकादम तसाच यंत्राकडे धावला. त्याने सुतळी कापली, झाकण लावलं, मालकीणबाईंना सगळं सांगितलं आणि अंग धुऊन पारावर गेला. तो बसला नाही.

"दोन महिने मी मुद्दाम झाकण उघडं ठेवून पांढरा होत होतो," तो म्हणाला. "दळत यंत्र होतं आणि मान मी घेत होतो. त्यापायी माझी पोर खोकायला लागली."

कोणी हसलं नाही. म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "मग आज काय काम केलंस?"

"आज दुपारपासून गिरणीतल्या बारा माणसांच्या छातीत धूळ जाऊ दिली नाही. वीस वर्षांत एवढं मोठं काम माझ्या हातून झालं नव्हतं."

म्हातारा उठला आणि त्याने मुकादमाचा हात धरून त्याला पहिल्या जागेवर बसवलं.

लेकीचा खोकला पावसाळ्याआधी गेला. मुकादमाचा राहिला, वीस वर्षांचा तो, कुठे जाणार. पुढे लेकच यंत्र चालवायला शिकली. दुसऱ्या गावची माणसं ते बघायला आली, की मुकादम मध्येच खोकत, पण ताठ मानेने सांगायचा, "यंत्र नंतर बघा. आधी माझ्या लेकीचे कपडे बघा. दिवसभर काम करून उभी आहे ती."

तात्पर्य असे, की अंगावर किती धूळ बसली यावर कष्टांचं मोल ठरत नाही. ज्या कामावरून माणूस धडधाकट घरी येतो, त्या कामाचा अभिमान बाळगावा.