टेकडीवरचं कमळांचं तळं

एका नगरात एक राणी होती. ही गोष्ट तिची थोडी आणि तिने बोलावून आणलेल्या उद्यानशास्त्र्याची बरीच आहे.

हा शास्त्री मोठा हुशार. त्याचे गुरू दूर नदीकाठच्या सपाट मुलखात राहत. बाग कशी आखावी यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला होता आणि त्या ग्रंथात फक्त पाच प्रश्न होते. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? वारा कुठला? ऊन कुठे किती वेळ थांबतं? माणसं कुठून कुठे जातात आणि जाताना काय घेऊन जातात? आणि इथे आधीपासून कोण आहे? प्रत्येक प्रश्नापुढे एक पान कोरं सोडलेलं. नव्या जागी गेलं की शिष्याने तिथे हिंडावं, बसावं, लोकांशी बोलावं आणि मगच ते पान भरावं, अशी गुरूंची रीत होती.

शिष्यांना समजावं म्हणून गुरूंनी एकदा आपल्या नदीकाठच्या बागेची उत्तरं लिहून दाखवली. झालं! शिष्यांनी ती उतरवून घेतली, घोकली आणि परीक्षेत तीच लिहिली. आपला शास्त्री घोकण्यात सगळ्यांच्या पुढे होता, म्हणून पहिला आला.

राणीचं बोलावणं आल्यावर तो बैलगाडीने निघाला. वाटेत तीन दिवस हाताला काम नव्हतं, तेव्हा त्याने तीच घोकलेली उत्तरं लिहून पाचही पानं गाडीतच भरून टाकली. ज्या जागेची पानं भरली ती जागा अजून दिसायचीच होती, पण एवढ्या हुशार माणसाला कोण अडवणार?

राजवाड्यामागे एक टेकडी होती. तिच्या पायथ्याशी खालची आळी, म्हणजे परीट, कुंभार, मोलमजुरी करणारे असे लोक. राणी शास्त्र्याला म्हणाली, "या टेकडीवर नगरातल्या लोकांसाठी बाग करा. वसंत पंचमीला मी येईन. बाग मनासारखी झाली तर राजउद्यानकाराचा मान तुमचा."

त्या मानासाठी शास्त्र्याने आयुष्याची वीस वर्षं घासली होती. दुसऱ्याच दिवशी त्याने दोऱ्या ताणल्या.

टेकडीवर एक वाट होती, नागमोडी, गाढवांच्या पायांनी पडलेली. शास्त्र्याला ती बघवेना. गाडीत भरलेल्या पानावर तर लिहिलं होतं, माणसं सरळ येतात. त्याने टेकडीच्या पोटातून शंभर पायऱ्यांची सरळ रेघ काढली. वरच्या अंगाला काळ्या मातीची एक सपाट पट्टी होती, बारा महिने ओलसर. पानावर लिहिलं होतं, पाणी मधोमध तळ्यात थांबतं. त्याने ती पट्टी खणली, तळाला आणि कडांना चिकणमाती चोपून बसवली, आजूबाजूचे सगळे पाझर पाट काढून तळ्यात वळवले आणि त्यात कमळं लावली.

काम चालू असताना एक परटीण गाढव घेऊन तिथून चालली होती. ती थांबली.

"शास्त्रीबुवा, हितं तळं करताय व्हय?"

"हो. बागेच्या मधोमध तळं हवंच."

"मग हितलं पाणी खाली कसं मुरणार?"

"अगं बाई, हे शास्त्र आहे. तुला नाही कळायचं. आणि हो, पलीकडच्या त्या कातळावर तू कपडे वाळत घालतेस ना, ते उद्यापासून बंद. तिथे कारंजं होणार आहे."

परटिणीने गाढवाच्या पाठीवर थाप मारली आणि निघून गेली.

पौष सरता सरता बाग तयार झाली. तळं काठोकाठ भरलं, कमळं फुलली. राणीचा कारभारी येऊन बघून गेला आणि म्हणाला, "मान तुमच्या खिशात आहे असं समजा."

वसंत पंचमीला आठ दिवस उरले. समारंभासाठी शास्त्र्याने आपलं जरीकाठी उपरणं खालच्या आळीतल्या त्याच परटिणीकडे धुवायला पाठवलं होतं. चार दिवस झाले तरी ते परत येईना. शेवटी तो चिडून स्वतःच खाली निघाला. इतक्या दिवसांत टेकडी उतरून तो एकदाही गेला नव्हता.

आपल्या पायऱ्या उतरताना त्याच्या लक्षात आलं की त्यावर आपण एकटेच आहोत. डोक्यावर भारे घेतलेल्या बायका बाजूच्या गाढववाटेने, वळणावळणाने, दम न लागता चढत होत्या. निम्म्या पायऱ्यांवरच त्याचे गुडघे बोलायला लागले. त्याला स्वतःचा थोडा राग आला, पण तो त्याने परटिणीसाठी राखून ठेवला.

पायथ्याला दगडी कुंडीत झऱ्याचं पाणी पडायचं. तिथे वीस-पंचवीस बायका घागरी घेऊन ओळीने बसल्या होत्या. झऱ्याची धार करंगळीपेक्षाही बारीक झाली होती. एक घागर भरायला इतका वेळ लागत होता की बायका बोलायचंही विसरल्या होत्या.

परटीण ओळीत शेवटी होती. तिने गाठोड्यातून उपरणं काढलं. ते तसंच मळकं होतं.

"धुवायला पाणी लागतं, शास्त्रीबुवा," ती म्हणाली. "ते तुमच्या तळ्यात हाय."

शास्त्र्याने वर पाहिलं. काळ्या मातीची ओलसर पट्टी कुठे होती आणि झरा कुठे आहे, हे खालून पाहताना एखाद्या लहान पोरालाही समजलं असतं. टेकडी वर पाणी पीत होती आणि खाली देत होती. मधे त्याने चिकणमातीचं बूच मारलं होतं. शरमेने त्याचा चेहरा उतरला. उपरणं काखेत मारून तो थेट कारभाऱ्याकडे गेला.

कारभाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "राणीसाहेब राजवाड्याच्या बाजूने, वरून येणार. झरा त्यांना दिसणारही नाही. आठ दिवस थांबा. मान पदरात पडू द्या, मग तळं फोडा, नाहीतर अजून काही करा."

बोलणं अगदी सोयीचं होतं. शास्त्र्याला ते पटलंही. आठ दिवस म्हणजे काय मोठे? पण परत जाताना त्याने हिशेब मांडला तो त्या ओळीतल्या बायकांचा. आठ दिवस, रोज तशीच ओळ, आणि धार रोज थोडी आणखी बारीक. आपल्या मानासाठी त्यांनी तहानलेलं राहावं, हे त्याला स्वतःच्या तोंडाने कुणाला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पहार घेतली आणि तळ्याचा बांध आपल्या हाताने फोडला. मजूर बघत राहिले. पाणी वाहून गेल्यावर तो गुडघाभर चिखलात उतरला आणि तळाची चिकणमाती जागोजागी उकरून काढली. कमळं आडवी पडली. त्यांच्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने पुसलंही नाही.

उरलेले सात दिवस त्याने काहीच बांधलं नाही. नवी कोरी पानं घेऊन तो टेकडीवर हिंडत राहिला. परटिणीजवळ जाऊन त्याने विचारलं, "मावशी, तुम्ही कातळावरच कपडे का वाळत घालता?" ती म्हणाली, "सकाळचं ऊन पैलं तितंच येतं, आन् वाऱ्याला झुडपं आडवी येत न्हाईत." त्याने ते लिहून घेतलं.

वसंत पंचमीला राणी आली. समोर एक चिखलाचा खड्डा आणि शंभर रिकाम्या पायऱ्या. कारभारी दुसरीकडे बघू लागला. शास्त्र्याने घडलं ते सगळं सांगितलं, गाडीत पानं भरल्याचंसुद्धा.

राणीने खड्ड्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "आजच्या दिवशी बाग हवी होती, ती नाही. तेव्हा मानही नाही. तो मी दुसऱ्याला देईन. मात्र काम अर्धवट टाकून जाऊ नका."

शास्त्र्याला वाईट वाटलं. वीस वर्षांची आस अशी सहज सुटत नाही. तरी तो राहिला.

त्याने पायऱ्यांचे दगड उचलले आणि गाढववाटेच्या वळणांवर एकावर एक रचले, खांद्याएवढ्या उंचीपर्यंत, म्हणजे डोक्यावरचा भारा कुणाच्या मदतीशिवाय टेकवता येईल. जिथे बायका दम घ्यायला थांबत तिथेच करंज आणि उंबर लावले. कातळ मोकळा ठेवला. काळ्या मातीच्या पट्टीत पुन्हा गवत वाढू दिलं आणि तिथे कुणी पाय देऊ नये म्हणून भोवती निरगुडीचं कुंपण केलं. झरा हळूहळू पहिल्यासारखा वाहू लागला.

काही वर्षांनी, झाडं डोक्यावर गेल्यावर, राणी एकदा खालच्या आळीकडून पायी टेकडी चढत होती. एका वळणावर सावलीत ती थांबली. परटीणही तिथेच दगडावर गाठोडं टेकवून उभी होती आणि पलीकडे शास्त्री रोपाला आळं करत होता.

राणीला माहीत होतं, तरी परटिणीच्या तोंडून ऐकावं म्हणून तिने विचारलं, "ही बाग कुणी केली?"

परटिणीने त्याच्याकडे बोट दाखवलं. "ह्यांनी. आधी चुकीची केलती. मग सोताच मोडली आन् नीट केली."

राणीने शास्त्र्याकडे पाहिलं. त्याने हातातली माती झटकली.

"खरं आहे तिचं," तो म्हणाला, आणि पुन्हा आळं करायला वाकला.

तात्पर्य: शास्त्र आपल्याला प्रश्न विचारायला शिकवतं, उत्तर मात्र त्या जागेवर जाऊन, तिथल्या पाण्याकडून आणि तिथल्या माणसांकडूनच घ्यावं लागतं, आणि ते चुकलं तर आपल्याच हाताने मोडावं लागतं.