गोदाक्काच्या बंबातला थर

सन एकोणीसशे चौसष्ट, वैशाखाचा शुद्ध पक्ष. खारवाडीत तेव्हा चांगो नावाचा एक भोळा गडी होता. अंगाने बैल. डोक्याने बैलाच्या पुढे की मागे, यावर गावात दोन तट होते.

चांगोच्या बहिणीचे लग्न ठरले. वऱ्हाडाच्या अंघोळीला मोठा तांब्याचा बंब हवा. तसा गावात एकच, गोदाक्काचा. गोदाक्का तोंडाची फटकळ.

"ने," ती म्हणाली. "पण जसा नेतोस तसाच आण. काडीचा फरक दिसला तर शेळी विसर."

आणि चांगोची शेळी तिने आपल्या दावणीला बांधून घेतली.

चांगोचा शेळीवर जीव. मनातले सगळे तो तिलाच सांगायचा. ती ऐकून घ्यायची. गावात तसे दुसरे कोणी नव्हते.

खारवाडीचे पाणी जड. उकळले की त्यातला क्षार सुटतो आणि भांड्याला धरतो. गोदाक्काच्या बंबाला आतून बोटभर पांढरा थर होता. लग्नाच्या सकाळी व्याही पंचा नेसून उभे राहिले. व्याही तापले, पाणी तापेना.

आई म्हणाली, "चांगो, चिंच लाव, थर खरवड."

चांगोने खरवडला. बंब आतून सोन्यासारखा झाला. पाणी चटकन तापले. लग्न लागले.

दुसऱ्या दिवशी चांगो बंब परत करायला निघाला. वाटेत टेकवला, झाकण उचलून आत पाहिले. नेताना थर होता. आता नव्हता.

"शेळी गेली!"

तो तसाच मागे फिरला. थर परत धरवायचा, असे ठरवले. बंब अंगणात मांडला आणि रंभाजी परटाकडे गेला.

"तात्या, बंबातल्या थराचं काय करावं?"

"रिठ्याचं पाणी घाल."

चांगोने घडाभर घातले आणि बंब पेटवला. फेस उंबऱ्यापर्यंत आला. क्षार सुटला, पण पिठासारखा पाण्यात फिरत राहिला. भांड्याला कणभर धरला नाही.

"तात्या, धरत नाही."

"मग झालं की काम!"

"धरायलाच पाहिजे."

रंभाजीने कपडे आपटायचे थांबवले. "येड्या, मग ओतून टाक. फेस दिसला की ओतावं."

चांगोने ओतले. तेवढ्यात आई म्हशीची धार काढून आली. दुधावर फेस होता. तेही ओतले.

"चांगो, डोकं कुठं ठेवलंस?"

"मानेवर, आई."

मग तो बशीर मिस्त्रीकडे गेला. बशीर विहिरींवरची इंजिने दुरुस्त करी.

"मिस्त्री, बंबातल्या थराचं काय करावं?"

"हे चुंबक घे. तोटीला बांध."

चांगो खूश झाला. चुंबक ओढते, हे त्याला माहीत होते. ओढलेही. आईचा चिमटा चिकटला, विळी चिकटली, शेजारणीची सांडशी चिकटली. क्षार तेवढा चिकटला नाही. बारीक रवा होऊन तोटीतून वाहून गेला. चुंबकाने पाण्याला काय होते, मला ठाऊक नाही. बशीरलाही नव्हते.

"मिस्त्री, ते विळी धरून बसलंय."

"मग सोडव की. धरून ठेवलेलं दिसलं तर सोडवावं, विचारत काय बसतोस?"

चांगो घरी आला. दाव्याने म्हैस धरून ठेवली होती. त्याने सोडवली. म्हैस शेजारच्या गावात सापडली, उसात. शेळी मात्र त्याने सोडवली नाही. ती गोदाक्काने अट घालून धरली होती, नुसत्या दाव्याने नव्हे.

"चांगो, डोकं कुठं ठेवलंस?"

"अजून तिथंच आहे, आई."

"अरे, स्वच्छ बंब दिला तर गोदाक्का काय नको म्हणेल?"

"जसा नेला तसा, म्हणाली."

आईने हात जोडले. तिला लेकीला माहेरपणाला आणायला जायचे होते. जाता जाता म्हणाली, "मग आता काही घालू नकोस, काही बांधू नकोस. नुसतं पाणी उकळत बस. जाळ विझू देऊ नकोस, म्हणजे येईल तुझा थर."

चांगोने जाळ विझू दिला नाही. लाकडे संपली. मांडवाचे खांब गेले. बाज गेली. शेवटी घराचे दार गेले. उकळलेले पाणी फुकट कशाला घालवायचे? भर वैशाखात खारवाडीने दिवसातून तीनदा कढत पाण्याने अंघोळ केली. नाही म्हणायची सोय नव्हती. चांगो बादली घेऊन ज्याच्या त्याच्या दारात उभा असे.

थर बोटभर झाला. चांगोने बोट लावून खात्री केली आणि बंब डोक्यावर घेतला.

गोदाक्का ओट्यावरच उभी होती. हातात नवे लुगडे.

"ये रे माझ्या वाघा! बंब आतून सोन्यासारखा झाला, तुझे व्याही सांगून गेले. माझं आयुष्य गेलं तो थर खरवडण्यात. हे लुगडं तुझ्या आईला. दाखव, दाखव."

तिने झाकण उचलून हात घातला. हात बराच वेळ आत राहिला.

"चांगो, हे काय?"

"तुमचं तुम्हाला, आक्का. बोटभर होता, बोटभर आहे. दार जाळावं लागलं, पण भरून दिला."

गोदाक्काने लुगडे काखेत मारले आणि शेळीचे दावे सोडून त्याच्या हातात दिले.