नवव्या अध्यायाची शेवटची ओवी

"मग उद्या येणार ना, बावा?"

धुंडिराजाने हे तिसऱ्यांदा विचारले. नागेशबावा झोपडीच्या पायरीवर बसून होते. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले.

धुंडिराज गावातल्या मठाचा अधिकारी. रेशमी बासनात बांधलेली पोथी डोक्यावर घेऊन तो अनवाणी दोन कोस चालत आला होता. पोथी बावांचीच. संस्कृतातले ज्ञान त्यांनी मराठी ओव्यांत आणले त्याला तीस वर्षे झाली. तेव्हा हा काय अधर्म म्हणून पंडितांच्या सभेने ग्रंथ गोदावरीत बुडवायचे ठरवले होते. तीच सभा उद्या मठात येऊन पोथीला सिंहासनावर बसवणार होती. यासाठी धुंडिराजाने जन्म झिजवला होता. आणि खोटे कशाला बोला, त्याच्या अंगावर मूठभर मांसही चढले होते.

"सभेचे शास्त्रीबुवा स्वतः पूजा करणार, बावा. बुडवायला निघाले होते, तेच आता डोक्यावर घेणार! तेवढा आज तुमचा हात लागू दे पोथीला."

बावांनी हात पुढे केला.

धुंडिराज चटकन मागे सरला.

"बावा... ही माती कसली?"

"रायनाकाला पुरून आलो. खांद्याला तिघंच होते. चौथा मी."



रायनाक वेशीबाहेर राहायचा, बावांना सरपण आणून द्यायचा. ग्रंथ रचला जात होता तेव्हा बावा ओवी म्हणत, तरणा धुंडिराज ती उतरून घेई, आणि कुंपणापलीकडे मोळी टेकवून रायनाक ऐके. शब्द कळला नाही की तो मान हलवायचा. मग बावा शब्द बदलायचे. कधी कधी नवा शब्द रायनाकच सुचवायचा. त्याने मान डोलावल्याशिवाय एक ओवी पुढे सरकली नव्हती. हे धुंडिराजाला माहीत होते, कारण लिहिणारा तोच होता. त्याला वाईट वाटले. पण वाईट वाटणे वेगळे आणि सोवळे वेगळे.

"आधी स्नान केलंत तर..." तो पुटपुटला.

बावा उठले. नदीवर जाऊन बुडी मारून ओलेत्याने परत आले. सत्तरी उलटलेला देह थंडीने लटलट कापत होता. अंग न पुसताच ते आत गेले आणि एक वाटी घेऊन आले. वाटीत पिवळा हरताळ खलून ठेवलेला होता. पोथीत चुकीचे अक्षर पडले, की त्यावर तो फासून अक्षर पुसायचे, ही लेखकूंची रीत.

"नववा अध्याय काढ. शेवटची ओवी."

कोणती, ते धुंडिराजाला विचारायची गरज नव्हती. ती गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती.

जयाचा वेशीबाहेरी ठाव । तयाने दुरूनि ठेवावा भाव ।
ग्रंथापाशी न घ्यावी धाव । हेचि आज्ञा ॥

ग्रंथ बुडवायच्या आदल्या दिवशी सभेने अट घातली होती. मराठी चालवून घेऊ, पण वेशीबाहेरच्यांनी जवळ बसून ऐकता कामा नये, आणि ते ग्रंथातच लिहून द्या. बावांनी ही एक ओवी लिहून दिली. ग्रंथ बुडण्यापासून वाचला.

"मला वाटलं होतं, वर्षभर राहू दे," बावा म्हणाले. "ग्रंथ लोकांच्या हाती पडला की काढून टाकू. रायनाक दर पाडव्याला विचारायचा, बावा, काढली का? मी म्हणायचो, यंदा काढतो. यंदा, यंदा... तीस वर्षं गेली. मठात वाचन चालायचं आणि तो बाहेर चिंचेखाली उभा. तिथून काही ऐकू येत नाही, धुंडिराज. मी उभा राहून पाहिलंय."

बावांनी वाटी पुढे केली.

"त्याची नातवंडं आहेत. ती तरी आत बसू देत."

धुंडिराजाने पोथी छातीशी धरली.

"बावा, ग्रंथ तुमचा होता तोवर गोष्ट वेगळी होती. आता तो देव आहे. देवाच्या अंगावर हरताळ फासायचा?"

"मी लिहिलाय तो."

"लिहिलात तुम्ही, पण... सभा उद्या येतेय ती याच ओवीच्या भरवशावर. ती काढली तर तीस वर्षांचं केलंसवरलं पाण्यात जाईल."

धुंडिराजाने नजर चुकवली.



"बरं," बावा म्हणाले. "पुसू नकोस. उद्या वाचताना तेवढी गाळ. आता म्हणून दाखव मला."

धुंडिराजाचा जीव भांड्यात पडला. एवढे तर सहज करता येईल. आणि त्याला ते मनापासून करायचेही होते. रायनाक त्याच्याही डोळ्यांसमोर होता.

त्याने डोळे मिटून नववा अध्याय धरला. आवाज खणखणीत लागला. ओव्यांमागून ओव्या गेल्या, शेवट आला आणि...

"जयाचा वेशीबाहेरी ठाव..."

त्याने जीभ चावली.

"पुन्हा," बावा म्हणाले.

पुन्हा तेच झाले. या खेपेला तर अख्खी ओवी बाहेर पडून गेल्यावर त्याच्या ध्यानात आले.

तिसऱ्या वेळी त्याने त्या जागी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. ओवी आत राहिली. हात काढला, आणि दहाव्या अध्यायाचा पहिला शब्द त्याला आठवेना. त्याने आठवून पाहिले, कपाळ ठोकून पाहिले. सगळा ग्रंथ मुखोद्गत असलेला माणूस, पण ती एक ओवी म्हटल्यावाचून त्याला पुढची वाट सापडत नव्हती.

त्याला रडू फुटले. बावांसमोर तो आजवर कधी रडला नव्हता.

"बावा... नाही होत माझ्याच्याने."

बावांनी वाटी खाली ठेवली. पोथी त्याच्या हातातून घेतली, सैल झालेल्या बासनाची गाठ नीट आवळली आणि ती परत त्याच्या डोक्यावर ठेवली.

"उद्या तेवढी एकच ओवी वाच, बाळा. बाकीचा ग्रंथ केव्हाच बुडाला."