धुरपाच्या मापाचं टाकं

घाटात अजून रस्ता नव्हता, खडकनिंब गावाला मीठसुद्धा बैलाच्या पाठीवरून यायचं, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. किती, ते सांगणारा कोणी उरला नाही. पण टाकं आहे, पायऱ्या आहेत, म्हणून गोष्ट खरी धरायची.

त्या गावात सटवा नावाचा पाथरवट होता. जाती, पाटे, उखळं घडवायचा. माणूस ताडासारखा उंच. वेशीच्या कमानीखालून जाताना मान वाकवायचा, आणि उकडायला लागलं की पागोटं काढून कमानीवरच ठेवायचा, असं म्हणतात. बोलायचा कमी. गाव त्याच्या छिन्नीचा आवाज ओळखायचं, त्याचा स्वतःचा फारसा कुणी ऐकला नव्हता.

गावाखालून येळी नदी वाहते. तिच्या वळणावर एक डोह आहे. पाणी काळं, तळ कुणी पाहिलेला नाही. काठावर शेंदूर लावलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्यातल्या सात बहिणी. दर चैत्री अवसेला गाव तिथं दहीभाताचा नैवेद्य घेऊन जायचं. आणि गावाचा एक कायदा होता. डोहात बुडणाऱ्याला हात द्यायचा नाही. आसरांनी बोलावलेलं माणूस ओढून काढलं, तर त्या एकाचे दोन नेतात. म्हणून गावात कोणी पोहायलाही शिकत नव्हतं. शिकून करायचं काय?

एका वर्षी सटवाचा धाकटा भाऊ रावजी बैल धुताना पाय सरकून डोहात गेला. सटवा काठावरच होता. त्याचा हात एवढा लांब, की नुसता वाकला असता तरी भावाची शेंडी हाताला लागली असती. लोकांनी त्याला धरून ठेवलं नाही. तशी गरजच पडली नाही. तो हाताची घडी घालून उभा राहिला. रावजी तीनदा वर आला. चौथ्यांदा आला नाही.

त्या दिवसापासून सटवाला भाकरी मोडताना स्वतःचे हात दिसायचे आणि तोंडातला घास फिरायचा.

गावाचा भगत होता हैबती. अंगानं जाड, जिभेनं तिखट. आसरांचा नैवेद्य त्याच्या हातचा. तो समजूत घालायला आला.

"सटवा, तुझं नाव सटवाईवरनं ठेवलंया. तिनं कपाळावर लिवलेलं तू छिन्नीनं खोडणार व्हय?"

"खोडता येतं का बघतो," सटवा म्हणाला.

डोंगराच्या पायथ्याला त्याची दगडाची खाण होती. खाणीच्या बुडाशी एक झरा होता. दगड काढताना पाणी नको, म्हणून सटवानं तो चिखलमातीचा बोळा कोंबून वर्षानुवर्षं बंद ठेवला होता. आता त्यानं आधी चौकोनी टाकं खोदायला घेतलं. बोळा काढायचा तो शेवटी. प्यायचं पाणी नाही, गुरांचं नाही, देवाचं नाही. माणसानं उतरावं आणि पोहायला शिकावं, एवढ्यासाठी पाणी. असलं पाणी त्या मुलखात कुणी पाहिलं नव्हतं.

हैबती येता-जाता विचारायचा, "काय सटवा, टाकं देवाला का म्हशीला?"

"माणसाला."

"आन् शिकवणार कोण?"

"मी."

"तुला कोण शिकवणार?"

 सटवा नदीच्या वरच्या अंगाला, उथळ पाण्यात म्हशीची शेपटी धरून पोहायला शिकत होता. हे गावाला कळलं, तेव्हा लोक पोट धरून हसले. म्हशीचा चेला म्हणून त्याला हाका मारू लागले. तो ऐकून घ्यायचा आणि खाणीवर जायचा. तीन वर्षं त्यानं कातळ फोडला. त्याच्या छिन्नीच्या ठिणग्यांवर पलीकडच्या डोंगरातले गुराखी चिलीम पेटवायचे, असं म्हणतात.

टाकं भरलं. पहिली उतरली ती सटवाची मुलगी धुरपा. सात वर्षांची, गावात सगळ्यांत बुटकी. सगळं गाव काठावर जमलं होतं. पहिल्या पायरीवर पाणी तिच्या कंबरेला लागलं. ती हसली. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि पोर दिसेनाशी झाली.

सटवानं उडी मारून तिला काढलं. त्याची बायको ठकू हिनं पोरीला पालथं घालून पाठीवर थापा मारल्या. पाणी ओकून पोर किंचाळायला लागली.

"बघ," हैबती म्हणाला. "आसरा हितंबी आल्या."

"वरडू दे तिला," ठकू म्हणाली. "वरडतीया म्हंजे हाय." मग ती नवऱ्याकडं वळली. "अवं, माप कुणाचं घेतलं तुमी?"

विहिरीची खोली पुरुषात मोजतात. एक पुरुष म्हणजे एक माणूस. सटवानं जन्मभर तसंच मोजलं होतं. पहिली पायरी गुडघ्याइतकी, दुसरी कंबरेइतकी, तिसरी छातीइतकी.

"माझं," तो म्हणाला.

"मग तुमीच पवा त्यात. गावात तुमच्याएवढं दुसरं हाय कोण?"

लोक निघून गेले. सटवा संध्याकाळपर्यंत काठावर बसला. सकाळी त्यानं गेरू कालवला, धुरपाला उन्हात उभी केली आणि तिच्या अंगावर रेघा ओढल्या. घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा.

"बा, गुदगुल्या हुत्यात!"

"हलू नगं. माप चुकतं."

मग त्यानं झरा पुन्हा बुजवला, टाकं उपसलं, आणि तीन वर्षं खपून घडवलेल्या आपल्याच पायऱ्या दगडांनी भरून काढल्या. पाथरवटाला याहून मोठी शिक्षा नाही. त्यावर धुरपाच्या मापाच्या पाच पायऱ्या बसवल्या. शेवटच्या पायरीवर उभं राहिलं, की पाणी तिच्या गळ्याखाली चार बोटं येईल अशा बेतानं भिंतीला सांडवा फोडला. जास्तीचं पाणी तिथून निघून जाईल. कितीही पाऊस पडो, त्या पायरीवर पाणी गळ्याच्या वर चढत नाही, धुरपाचा गळा पाण्याला ठाऊक आहे, असं म्हणतात.

आधी एकटी धुरपाच शिकली. पाठीला तीन वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधायची. नीट तरंगायला लागली की दोन. मग एक. मग मोकळी पाठ. ठकू काठावर धुणं घेऊन बसायची. ती बसते हे पाहून बाकीच्या आयांना धीर आला. चार वर्षांत अकरा पोरं पोहायला लागली. डोहाजवळ मात्र कुणी गेलं नाही. कायदा होता तसाच होता.

पुढं चैत्री अवस आली. गाव डोहावर जमलं. रावजी गेल्यापासून सटवा डोहावर गेला तर खांद्यावर सांगड घेऊनच जायचा. गावात लोक त्यावरही हसायचे. हैबती ताट घेऊन शेवटच्या दगडावर उतरला. दह्याचा ओघळ पायाखाली आला. ताट गेलं आणि मागोमाग भगत गेला.

वर आला तो ओरडतच. "हात द्या रं! मेलो! हात द्या!"

कोणी हललं नाही. गर्दीतून कोंडाम्हातारी म्हणाली, "भगतबुवा, कायदा तुमच्याच तोंडचा हाय की वो!"

सटवाचे हात छातीवर आले होते. घडी पडणार एवढ्यात खांद्यावरची सांगड गेली. धुरपानं ती ओढून घेतली होती. तिनं पाण्यात उडी मारली आणि भोपळे पुढं ढकलले.

"बुवा, भोपळं धरा. मला धरू नगा!"

बुडता माणूस ऐकतो कुठं? हैबतीनं तिचीच वेणी धरली. धुरपानं सरळ बुडी मारली. असं कुणी धरलं तर खाली जायचं, तो आपोआप सोडतो, हे बापानं तिला टाक्यात शंभरदा शिकवलं होतं. हैबतीनं वेणी सोडली आणि भोपळे कवटाळले. धुरपा पलीकडून वर आली आणि पाय मारत भोपळे काठाकडं लोटू लागली. सटवा दगडावर पोटावर आडवा झाला आणि त्यानं हात लांबवला. तो हात त्या दिवशी दीड वीत वाढला, असं म्हणतात. एका हिसक्यात त्यानं भगताला काढलं, दुसऱ्यात लेकीला.

हैबतीचा पहिला शब्द होता, "निवद गेला का रं?"

"तुमीच निवद झाला हुता की," कोंडाम्हातारी म्हणाली.

डोहाच्या काठावर माणसं पहिल्यांदाच हसली. मग एकाएकी मागं सरली. एकाचे दोन. सगळ्यांना तेच आठवलं. सटवानं धुरपाला जवळ ओढलं.

त्या दिवसापासून हैबती रोज दिवस मावळताना दारोदार फिरायला लागला. "समदी हायसा का?" आतून डोकी मोजून आवाज यायचा, "हायत, समदी हायत." सटवाच्या दारी तो जरा जास्त थांबायचा. धुरपा बाहेर येऊन दिसली की पुढं जायचा. असं वर्षभर चाललं. पाऊस झाला, पूर आला, पूर गेला. गावात एकच मयत झाली, ती कोंडाम्हातारीची. नव्वदीची होती, कोरड्या खाटेवर गेली. आणि पाच घरांत पाळणे हलले.

पुढच्या चैत्री अवसेला हैबतीनं डोहावर सगळं गाव मोजलं. पुन्हा मोजलं. पाण्यानं एकही माणूस नेलं नव्हतं. तो सात दगडांपुढं बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"बायांनो, तुमी कवा मागितलंच न्हाई. आमीच हात आखडलं."

सटवानं नैवेद्यातला दहीभात घेतला आणि खाल्ला. घास फिरला नाही. त्यानं अजून मागितला.

आता तालुक्याला निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव झाला आहे. खोली मीटरमध्ये लिहिलेली आहे. खडकनिंबची पोरं मात्र सटवाबाच्या टाक्यातच शिकतात. चैत्री अवसेला सकाळी गावातलं सगळ्यांत बुटकं पोर आधी उतरतं. एकेक पायरी ओरडून सांगतं, घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा. पाणी गळ्याच्या वर लागलं तर सांडवा साफ होईपर्यंत कोणी उतरत नाही. भगताच्या घरातला एक माणूस काठावर पोटावर आडवा होऊन हात लांबवून राहतो. शेवटचं पोर बाहेर आलं, डोकी मोजून झाली, की मगच उठतो. त्यानंतर दहीभात वाटतात.

आणि एक नेम आहे. त्या काठावर कुणालाही हाताची घडी घालून उभं राहू देत नाहीत. पाहुणा असला, तरी त्याचे हात सोडायला लावतात.