खवलीचं पिल्लू

फार मागच्या एका उन्हाळ्यात रानात एकच डोह उरला. झुंबड नको म्हणून बगळ्याने प्राण्यांचे दोन वर्ग पाडले. खवलेवाल्यांनी सकाळी प्यायचं, पिल्लांना दूध पाजणाऱ्यांनी संध्याकाळी.

खवले मांजराच्या जातीतली खवली सकाळी आली. तिचं पिल्लू शेपटीला घट्ट धरून बसलं होतं.

"दूध पाजतेस ना गं? मग संध्याकाळी ये," घोरपड म्हणाली.

संध्याकाळी सांबर फिसकन हसलं. "आणि हे खवले काय माहेरून आणलेस? सकाळी जा!"

"बगळेबुवा, माझं दूध आटत चाललंय. घोटभर पिऊ द्या."

"आधी तुझा वर्ग ठरू दे. घाईत चूक व्हायची."

तिसऱ्या संध्याकाळी बगळ्याने हाक दिली. "ठरलं! दूध पाजतेस, म्हणून तू संध्याकाळची. ये, पी."

सगळे बाजूला झाले. भ्यालं की अंगाचं वेटोळं करणारी खवली आज ताठ चालत आली. तिने पाण्याला तोंड लावलं नाही. वळून तिने रिकामी शेपटी बगळ्यासमोर ठेवली.

"तुम्हाला ठरवायला तीन दिवस लागले, बुवा," ती म्हणाली. "त्याला जायला दोन पुरले."